माईक सोडून मिक्सरमागे

रॉक बँडमध्ये गायक सर्वांत पुढे उभा असतो. प्रकाशझोत त्याच्यावर असतो, भित्तिपत्रकावर चेहरा त्याचा असतो आणि कार्यक्रम रंगला तर पहिली टाळीही त्यालाच मिळते. तरीही जगभरातील कित्येक रॉक गायकांनी ही जागा आपण होऊन सोडली आणि ध्वनिमुद्रण कक्षातील काचेच्या पलीकडे, मिक्सरमागे जाऊन बसणे पसंत केले. गाणी लिहायची, चाली बांधायच्या, वाद्यमेळ ठरवायचा आणि प्रसंगी दुसऱ्याच्या गळ्यातून ते गाणे काढून घ्यायचे, हे त्यांचे नवे काम. रसिकांच्या लेखी असा गायक 'संपलेला' असतो. प्रत्यक्षात पुष्कळदा त्याच्या कामाला तेव्हाच सुरुवात झालेली असते.

अमेरिकेतील लिंडा पेरी हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. 'फोर नॉन ब्लॉन्ड्स' या बँडची ती गायिका. १९९३ मध्ये या बँडचे 'व्हॉट्स अप' हे गाणे जगभर वाजले. त्यानंतर लवकरच तिने बँड सोडला आणि काही वर्षे ती जवळजवळ विस्मरणात गेली. २००१ मध्ये पिंक या गायिकेचे आणि २००२ मध्ये क्रिस्टिना अ‍ॅग्विलेराचे एक गाणे प्रचंड गाजले, तेव्हा त्या दोन्ही गाण्यांवर गीतकार-संगीतकार आणि प्रोड्यूसर म्हणून लिंडा पेरीचे नाव होते. पुढे बसून गाणारी बाई मागे बसली आणि मागे बसून तिने अधिक मिळवले, असे या कथेचे सार सांगितले जाते.

आपल्याकडेही हा प्रवास झाला आहे. मुंबई आणि गोव्यातील तीन पिढ्यांच्या रॉक गायकांनी तो केला. मात्र त्यामागची कारणे अमेरिकेतल्यासारखी नव्हती. आपल्याकडे रॉक गायकाने मंच सोडला तो बहुधा दोन गोष्टींसाठी. एक, स्वतःचे गाणे हवे म्हणून. आणि दुसरी, महिन्याचा खर्च भागवायचा म्हणून. यांतले किती साधले, हे त्या गाण्याची मालकी कोणाकडे राहिली यावर ठरले.

दुसऱ्यांची गाणी

साठ-सत्तरच्या दशकांतील मुंबईत इंग्रजी गाणी गाणाऱ्या तरुण बँडची संख्या लक्षणीय होती. महाविद्यालयांचे महोत्सव, हॉटेले आणि क्लब ही त्यांची ठिकाणे. इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिगारेटच्या प्रचारासाठी भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेने देशभरातील बँडना एका मंचावर आणले आणि १९७० व १९७१ मध्ये तिच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. पण या बँडच्या कार्यक्रमांतील बहुतेक गाणी परक्यांची असत. लंडन-न्यूयॉर्कला गाजलेले गाणे हुबेहूब वाजवणे ही गुणवत्तेची कसोटी मानली जाई. परदेशी ध्वनिमुद्रिका महाग आणि दुर्मिळ होत्या, त्यामुळे ते गाणे प्रत्यक्ष ऐकायला मिळणे हीच श्रोत्यांना मोठी गोष्ट वाटे. अशा श्रोत्यांसमोर स्वतःचे गाणे गाणे म्हणजे जेवायला बसलेल्या पंगतीला नवा पदार्थ चाखून बघायला सांगण्यासारखे होते.

या वातावरणात घडलेला मराठी घरातील गायक म्हणजे नंदू भेंडे. वडील आत्माराम भेंडे हे मराठी फार्साचे बिनीचे नट-दिग्दर्शक, आई डॉ. आशा भेंडे अभिनेत्री आणि लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक. अशा घरातला मुलगा 'व्हेलवेट फॉग' या रॉक बँडमधून गाऊ लागला. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' ही रॉक संगीतिका सादर केली, तेव्हा भेंडे यांनी जूडासची भूमिका केली. या संगीतिकेत जूडासचे गाणे गळ्याची परीक्षा पाहणारे आहे. वरच्या पट्टीत, संतापाच्या सुरात आणि तरीही नाट्य न सोडता ते गावे लागते. पुढे १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली 'तीन पैशाचा तमाशा' रंगभूमीवर आणला. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या संगीतिकेचे पु. ल. देशपांडे यांनी केलेले हे मराठी रूप. नाट्यपदाची ढंगदार चाल, लावणी आणि पाश्चात्त्य पॉप एकाच प्रयोगात नांदवणाऱ्या या नाटकात भेंडे अंकुश झाले. गिटारच्या साथीने मराठी शब्द रॉकच्या ठसक्यात गाता येतात, हे मराठी प्रेक्षकाने तेव्हा मोठ्या मंचावर ऐकले.

एवढे होऊनही मुंबईत रॉक गायक म्हणून उपजीविका करणे शक्य नव्हते. 'डिस्को डान्सर' (१९८२) या चित्रपटात भेंडे यांनी बप्पी लाहिरी यांच्याकडे गाणे गायले. ते गाणे गावोगावी पोहोचले. गायकाचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक झाले. पुढच्या काळात भेंडे यांचा मुक्काम मंचावरून स्टुडिओत हलला. दूरचित्रवाणी मालिका घराघरांत शिरत होत्या, त्यांना शीर्षकसंगीत आणि पार्श्वसंगीत हवे होते, आणि पाश्चात्त्य वाद्यमेळाची जाण असलेली माणसे मोजकीच होती. भेंडे या कामात रमले, त्यांनी स्वतःचा ध्वनिमुद्रण कक्षही चालवला. उत्तरायुष्यात त्यांनी जुन्या रॉक गाण्यांचे कार्यक्रम पुन्हा केले. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

नाइट आणि तिचा हिशेब

भेंडे यांच्या पिढीची अडचण समजून घ्यायची तर रॉकपासून थोडे दूर, पार पूर्व विदर्भात जायला हवे. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील केशोरी आणि आसपासच्या गावांत दिवाळीनंतर मंडई भरतात आणि त्या निमित्ताने झाडीपट्टी रंगभूमीची नाटके रात्र रात्र रंगतात. वडसा हे या व्यवसायाचे मुख्य केंद्र. तिकीट काढून हजारो माणसे येतात, संगीत प्रत्यक्ष मंचाजवळ बसून वाजवले जाते, आणि कलावंताची कमाई 'नाइट'वर चालते. प्रयोग झाला तर नाइट मिळते. पाऊस आला, प्रकृती बिघडली, हंगाम संपला की उत्पन्न थांबते.

मुंबईतल्या रॉक बँडचा हिशेब याहून वेगळा नव्हता, उलट अधिक वाईट होता. झाडीपट्टीला निदान तिकीट काढणारा स्वतःचा प्रेक्षक आणि ठरलेला हंगाम आहे. रॉक बँडला हॉटेलचा व्यवस्थापक आणि महाविद्यालयाची समिती यांच्यावर अवलंबून राहावे लागे. मिळालेली रक्कम चार-पाच जणांत विभागली जाई आणि त्यातून अ‍ॅम्प्लिफायरचे भाडे वजा होई. गायकाचा गळा ही त्याची एकमेव पुंजी. ती रोज रात्री खर्च होते आणि वयाबरोबर कमी होते. लिहिलेले गाणे मात्र वेगळ्या जातीची गोष्ट आहे. कर्ता झोपलेला असतानाही ते दुसऱ्या शहरात वाजू शकते आणि कायदा अनुकूल असेल तर त्याला पैसेही मिळवून देऊ शकते.

दौऱ्यांचा ताण हेही एक कारण असते. अमेरिकेतील 'बीच बॉइज' बँडचा ब्रायन विल्सन १९६४ च्या डिसेंबरमध्ये विमान प्रवासात कोसळला आणि त्यानंतर त्याने दौरे थांबवले. बँड फिरत राहिला आणि तो स्टुडिओत बसून गाणी रचत राहिला. त्यातूनच १९६६ मध्ये 'पेट साउंड्स' ही ध्वनिमुद्रिका आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीटल्सनीही सार्वजनिक दौरे बंद केले. पण विल्सनला किंवा बीटल्सना स्टुडिओ परवडत होता. ती चैन मुंबईच्या बँडच्या वाट्याला आली नाही.

प्रोड्यूसर म्हणजे नेमके कोण?

मराठीत 'निर्माता' म्हटले की पैसे घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पॉप-रॉक संगीतातील प्रोड्यूसर हा त्याहून निराळा. त्याचे काम चित्रपटाच्या दिग्दर्शकाच्या जवळचे आहे. गाणे कोणत्या पट्टीत गायचे, लय किती ठेवायची, ड्रम कुठे थांबवायचे, कडव्याच्या आधी गिटार एकटी वाजू द्यायची की नाही, गायकाने दहा वेळा म्हटलेल्या ओळीतील कोणती वेळ ठेवायची आणि शेवटी आवाज व वाद्ये यांचे प्रमाण काय असावे, हे सारे निर्णय तो घेतो. श्रोत्याला गाणे 'जवळचे' किंवा 'भव्य' वाटते, त्यामागे पुष्कळदा हेच निर्णय असतात.

हिंदी आणि मराठी चित्रपटसंगीतात हे काम पूर्वीपासून होत होते, परंतु ते अनेकांत वाटलेले होते. संगीतकार चाल बांधी. वाद्यमेळाची स्वरलेखने संयोजक करी; सेबॅस्टियन डिसूझा, अनिल मोहिले यांसारख्या संयोजकांनी कित्येक अजरामर गाण्यांना त्यांचे रूप दिले. ध्वनिमुद्रक माईक मांडी आणि तोल सांभाळी. गायक बहुधा अखेरीस येई, चाल समजून घेई आणि गाऊन जाई. रॉकची रीत उलटी. तिथे गाणे जन्मते ते अनेकदा गायकाच्या तोंडात. गिटारवर सूर छेडत तो काहीतरी गुणगुणतो, निरर्थक अक्षरे उच्चारतो आणि त्यांतूनच शब्द व चाल एकदम आकार घेतात.

गायक असलेला माणूस चांगला प्रोड्यूसर का होतो, याचे उत्तर इथेच सापडते. श्वास कुठे घ्यावा लागेल हे त्याला गाण्याआधी कळते. कोणता स्वर उंच असल्यामुळे नव्हे, तर शब्दातील 'ई'कारामुळे गळ्याला टोचतो आहे, हे तो ओळखतो आणि शब्द बदलतो. आजही चित्रपटसंगीतात संगीतकार आधी स्वतःच्या आवाजात 'स्क्रॅच' म्हणजे कच्चे गाणे मुद्रित करून पार्श्वगायकाला ऐकवतो. तो स्वतः कसलेला गायक असेल तर त्या कच्च्या गाण्यातच निम्मा अभिनय असतो. कधी कधी तोच आवाज कायम ठेवला जातो. पार्श्वगायकांना ही गोष्ट फारशी रुचत नाही, हेही खरे.

शिवोलीचा एकखांबी तंबू

स्वतःचे गाणे हवे म्हणून सारे काही एकट्याने उभे करणारा माणूस गोव्यात सापडतो. रेमो फर्नांडिस यांचा जन्म १९५३ चा, पणजीचा. शाळकरी वयातच ते बँडमध्ये वाजवू लागले. मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले आणि त्या शहरातील 'सॅव्हेजेस' या नामांकित बँडमधूनही ते गायले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकंती करून ते परतले ते मुंबईत नव्हे, तर शिवोलीच्या घरी.

तेथे १९८४ मध्ये तयार झालेली 'गोवन क्रेझी' ही कॅसेट भारतीय पॉप-रॉकच्या इतिहासात वेगळी ठरते. मोठ्या कंपन्यांच्या अटी बाजूला ठेवून रेमो यांनी ती घरीच मुद्रित केली. गाणी त्यांची, आवाज त्यांचा, जवळपास सगळी वाद्येही त्यांनीच वाजवलेली, मुखपृष्ठाचे चित्रही त्यांचेच. कॅसेट तयार झाल्यावर आपल्या पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी ती पोहोचवणारेही तेच.

हे शक्य झाले ते एका यंत्रामुळे. टीॲक या जपानी कंपनीने १९७९ मध्ये 'पोर्टास्टुडिओ' नावाचे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटच्या फितीवर चार स्वतंत्र पट्ट्यांत आवाज साठवण्याची सोय त्यात होती. पहिल्या पट्टीवर ताल मुद्रित करायचा, तो ऐकत दुसरीवर बेस, तिसरीवर गिटार. मग या तिन्हींचे मिश्रण चौथ्या पट्टीवर उतरवायचे, पहिल्या तीन पुसून मोकळ्या करायच्या आणि तिथे आवाज, कोरस, बासरी वाजवायची. एक माणूस असा अख्खा बँड होऊ शकतो. प्रत्येक मिश्रणागणिक फितीची सरसर वाढत जाते आणि एकदा मिसळलेले प्रमाण पुन्हा बदलता येत नाही, ही त्याची किंमत. सरसर कमी व्हावी म्हणून या यंत्रात फीत नेहमीच्या दुप्पट वेगाने, सेकंदाला सुमारे साडेनऊ सेंटिमीटर, धावे. चार पट्ट्या म्हणजे फारच थोड्या, असे आज वाटेल. पण बीटल्सची 'सार्जंट पेपर' (१९६७) ही ध्वनिमुद्रिका चार पट्ट्यांच्याच यंत्रांवर झाली होती. फरक इतकाच की त्यांच्या मागे लंडनचा सुसज्ज स्टुडिओ आणि जॉर्ज मार्टिन होते.

यंत्राने रेमो यांना कारागिरी दिली, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे विषय निवडण्याची मुभा दिली. घरच्या यंत्रावर तासाचे भाडे चढत नाही आणि 'हे चालणार नाही' असे सांगणारा अधिकारी शेजारी बसलेला नसतो. म्हणूनच गोव्यातले राजकारण, पर्यटनाचे सोंग, गावातली माणसे त्यांच्या गाण्यांत येऊ शकली. 'ओल्ड गोवन गोल्ड' (१९८५) मध्ये त्यांनी जुनी गोमंतकीय गाणी नव्या वाद्यमेळात बांधली. 'पॅक दॅट स्मॅक' (१९८६) मध्ये अमली पदार्थांचा विषय हाताळला. त्याच सुमारास श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल' (१९८५) मध्ये ते गायले आणि पडद्यावरही दिसले. पुढे 'जलवा' (१९८७) आणि ए. आर. रहमान यांच्या 'बॉम्बे' (१९९५) या चित्रपटांतील गाण्यांनी त्यांचा आवाज देशभर पोहोचवला. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रपट नंतर आला. गाणी लिहिणारा आणि घडवणारा रेमो त्याआधीच तयार होता, हे या क्रमातून स्पष्ट दिसते.

बँड राहिला, तरी

स्वतःची गाणी लिहिली म्हणजे बँड टिकतो, असेही नाही. १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'रॉक मशीन'ने, गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक महेश तिनईकर यांच्या बँडने, परक्यांची गाणी मागे टाकून १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' ही स्वतःच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. १९९३ मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. दूरचित्रवाणीवरील संगीतवाहिन्यांनी त्यांना प्रसिद्धी दिली. तरी १९९७ मध्ये बँड विखुरला. त्या काळात कॅसेट-सीडीची बाजारपेठ हिंदी चित्रपटांच्या आणि नंतर 'इंडिपॉप'च्या गाण्यांनी व्यापली होती. इंग्रजी रॉकला त्यात फारशी जागा नव्हती. तेरा वर्षांनी, २०१० मध्ये, बँड पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये त्याची 'इव्हॉल्व्ह' ही ध्वनिमुद्रिका आली.

१९९४ मध्ये मुंबईतच सुरू झालेल्या 'पेंटाग्राम'चा गायक विशाल ददलानी याने मात्र दोन्ही दरडींवर पाय ठेवला. बँडच्या 'वी आर नॉट लिसनिंग' (१९९६) आणि 'अप' (२००२) या ध्वनिमुद्रिका येत असतानाच शेखर रावजियानी यांच्याबरोबर त्याने चित्रपटसंगीताला सुरुवात केली होती. 'प्यार में कभी कभी' (१९९९) मध्ये या जोडीचा प्रवेश झाला, 'झनकार बीट्स' (२००३) ने त्यांना नाव आणि नवोदितांसाठीचा फिल्मफेअरचा आर. डी. बर्मन पुरस्कार दिला, आणि 'ओम शांती ओम' (२००७) नंतर ते आघाडीचे संगीतकार झाले. २००५ मध्ये 'पेंटाग्राम' इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजत होता, त्याच वर्षी त्याचा गायक 'सलाम नमस्ते' आणि 'दस'चा संगीतकार म्हणून ओळखला जात होता. 'तीस मार खाँ' (२०१०) मधील 'शीला की जवानी' या गाण्याचे शब्दही ददलानी याचेच. रॉकच्या चाहत्यांनी त्यासाठी त्याची भरपूर थट्टा केली. पण हुक म्हणजे काय, म्हणजे श्रोत्याला दुसऱ्यांदा ऐकताच तोंडपाठ होणारी ओळ कशी बांधायची, हे तो बँडमध्येच शिकला होता, याकडे थट्टा करणाऱ्यांचे लक्ष गेले नाही.

गाणे कोणाचे?

या साऱ्या प्रवासाला कायद्याची एक बाजू आहे आणि तीच सर्वांत कमी सांगितली जाते. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा गीतकार आणि संगीतकार यांना रचनेचे कर्ते मानतो. परंतु चित्रपटासाठी केलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसेल तर, चित्रनिर्मात्याकडे जाते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे 'आयपीआरएस', या संस्थेच्या खटल्यात दिला. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक जादा टिपण जोडले. गाणे जिवंत करणाऱ्या गायकाला आपल्या कायद्यात काहीच हक्क नाही, याकडे संसदेने लक्ष द्यावे, असा त्याचा आशय होता.

म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांत मंचावरून स्टुडिओत गेलेल्या गायकाला एक विचित्र निवड करावी लागत होती. गायक राहिला तर कायद्यापुढे तो कोणीच नव्हता. रचनाकार झाला तर कर्ता ठरत होता, पण करारावर सही करताच हक्क निर्मात्याच्या खिशात जात होता. एकरकमी मानधन घ्यायचे आणि विसरून जायचे, ही रीत पडली. मालिकांचे शीर्षकसंगीत वर्षानुवर्षे रोज वाजे. रचनाकाराला मात्र पैसे बहुधा एकदाच मिळत. घरी मुद्रण करून स्वतःच विक्री करणाऱ्या रेमो यांच्यासारख्याची गोष्ट याहून वेगळी होती. त्याच्या कॅसेटची विक्री मर्यादित असेल, पण रचना, गायन आणि ध्वनिमुद्रण हे तिन्ही एकाच माणसाचे होते.

गायकांना पहिला हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला. सुरुवातीला त्याची मुदत २५ वर्षे होती, १९९९ मध्ये ती ५० वर्षे झाली. तरीही चित्रपटात गायल्यावर तो हक्क उरत नसे. खरा बदल २०१२ चा. राज्यसभेत गीतकार जावेद अख्तर यांनी आग्रहाने मांडलेली ही दुरुस्ती त्या वर्षी जूनमध्ये अमलात आली. गीतकार-संगीतकाराने हक्क विकला तरी स्वामित्वधनातील त्याचा समान वाटा त्याला सोडून देता येत नाही, असे तिने ठरवले. चित्रपटगृहातील प्रदर्शन तेवढे यातून वगळले आहे. गायकांनाही व्यावसायिक वापराबद्दल स्वामित्वधन मागता येऊ लागले आणि २०१३ मध्ये 'इस्रा' ही गायकांची संस्था उभी राहिली. आयपीआरएसची कॉपीराइट सोसायटी म्हणून नव्याने नोंदणी झाली ती २०१७ मध्ये.

आज पोर्टास्टुडिओचे काम साधा लॅपटॉप करतो. चारऐवजी शेकडो पट्ट्या मिळतात, मिश्रण हवे तितक्या वेळा बदलता येते आणि फितीची सरसर तर नाहीच. केशोरीच्या तरुणाला झाडीपट्टीच्या नाटकासाठी बांधलेले गाणे घरी मुद्रित करून इंटरनेटवर टाकायला मुंबई गाठावी लागत नाही. अडचण आता दुसरीकडे सरकली आहे. तालमीच्या खोलीत चार मित्र एक गाणे बांधतात. एक जण शब्द सुचवतो, दुसरा चाल, तिसरा मधला गिटारचा तुकडा. गाणे गाजेपर्यंत कोणाचे किती, हा प्रश्न निघत नाही आणि गाजल्यावर तो मैत्री टिकू देत नाही. कायद्यानुसार गीताचा कर्ता वेगळा, चालीचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा मालक आणखी वेगळा असू शकतो. परदेशातील बँड टक्केवारी लिहून ठेवलेला एक कागद मुद्रणाच्या दिवशीच सह्या करून घेतात. आपल्याकडे असा कागद पुढे केला तर 'विश्वास नाही का?' असे विचारले जाते.

कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. रचना लिहिली किंवा मुद्रित केली की हक्क निर्माण होतो. मात्र रेडिओ, दूरचित्रवाणी, हॉटेले आणि इंटरनेटवरील वापराचे स्वामित्वधन हाती पडण्यासाठी रचनाकाराला आयपीआरएसचे सदस्य व्हावे लागते आणि प्रत्येक गाण्याची माहिती वाट्यासह कळवावी लागते. गीत आणि संगीत यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. २०१४ मध्ये निधन पावलेल्या रचनाकाराच्या रचना २०७४ च्या अखेरपर्यंत संरक्षित राहतील. १९८२ च्या चित्रपटात गायलेल्या गाण्यावर मात्र, ते गायले त्या दिवशी, गायकाचा कोणताही हक्क कायद्याच्या पुस्तकात नव्हता.